लॉकअप गार्डला पहिल्यांदा नेमणूक झाली असेल तर

ठाण्यात नवीन आलेल्या अंमलदाराला पहिल्या एक-दोन महिन्यांतच लॉकअप गार्ड, म्हणजे कोठडीवरचा पहारा, लागतो. "बसायचंच तर काम आहे" म्हणून किल्ली हातात देतात. रजिस्टर कुठलं, नोंद कशी करायची, अडलं तर रात्री कुणाला उठवायचं, हे सांगायला कुणालाच वेळ नसतो. मलाही कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात रात्री दोनला कोठडीतला एक माणूस थरथर कापायला लागला आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "नाटक आहे, झोपेल थोड्या वेळानं." तो नाटक करत नव्हता. ती गोष्ट पुढे येईल.

हा लेख महाराष्ट्रातल्या पोलीस ठाण्यांच्या कोठडीपुरता आहे. नवीन शिपाई, पहिल्यांदा ठाणे अंमलदार (पाळीत ठाण्याचं कामकाज बघणारा) म्हणून बसणारे हवालदार आणि ड्युटी लावणारे अधिकारी, तिघांच्याही उपयोगाचा व्हावा असा प्रयत्न केला आहे.

१. कोठडी आणि कारागृह यांत गल्लत करू नका

अटक झाल्यापासून २४ तासांच्या आत आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यासमोर हजर करावं लागतं. प्रवासाचा वेळ यात धरत नाहीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तिच्या कलम ५८ मध्ये हे आहे. कोर्टानं पीसीआर (पोलीस कोठडी) दिला तर माणूस परत तुमच्याकडे येतो, एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाला तर कारागृहात जातो. कारागृहाचं खातं वेगळं, नियमावली वेगळी, माणसंही वेगळी.

हे सांगायचं कारण म्हणजे मनुष्यबळावर बोलणं निघालं की कुणीतरी "सहा कैद्यांमागे एक रक्षक" हा आकडा पुढे करतो. तो केंद्राच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीतला आहे, ३०० कैद्यांमागे एक डॉक्टर हा दंडकही तिथलाच. आणि सहाला एक ही एकूण नेमणूक असते. तीन पाळ्यांत वाटली की एका वेळी एका रक्षकाच्या वाट्याला अठराहून जास्त कैदी येतात. तो आकडा कोठडीला लावून "आपल्याकडे चारच आरोपी, एक माणूस पुष्कळ झाला" असा निष्कर्ष काढला जातो, तो चुकीचा आहे. कोठडीतला माणूस नुकताच अटक झालेला असतो. कधी तो दारू प्यायलेला असतो, कधी मार खाऊन आलेला, कधी पार हादरलेला, आणि त्याच्याबद्दल तुम्हाला काहीच माहीत नसतं. चार आरोपी असले तरी पहारा चोवीस तासांचाच लागतो.

२. माणसं किती लागतात, याचा हिशोब कागदावर मांडा

ड्युटी लावणाऱ्यांनी हा भाग सावकाश वाचावा. बहुतेक ठिकाणी गाडी इथंच अडते.

एक पहारा, आठ तासांच्या तीन पाळ्या. वर्षाला ३६५ गुणिले ३ म्हणजे १,०९५ पाळ्या झाल्या. आता एक माणूस वर्षात किती दिवस हजर असतो? ५२ साप्ताहिक सुट्ट्या गेल्या, उरले ३१३. रजा, आजारपण, कोर्टाच्या तारखा, बंदोबस्त, प्रशिक्षण यांत साधारण ६८ दिवस जातात असं धरू. उरले २४५. आता १,०९५ ला २४५ ने भागा. उत्तर साडेचारच्या आसपास येतं. म्हणजे एका पहाऱ्यासाठी नेमणूक पाच जणांची हवी, तीन जणांची नाही.

रात्री दोन माणसं लागतात, कारण एकट्यानं कोठडीचं दार उघडायचं नसतं. रात्रीच्या आणखी ३६५ पाळ्या मिळवल्या की १,४६० होतात आणि उत्तर सहावर जातं. सुट्ट्यांचा आकडा तुमच्या ठाण्याप्रमाणे बदला, रीत हीच ठेवा. प्रत्यक्षात तीन-चार जणांवर भागवलं जातं, बारा-बारा तासांच्या पाळ्या लागतात आणि पहाटे चारला गार्डची मान खाली जाते. त्यात त्याचा दोष निम्माच असतो.

माणसं कमी असतील तर दोन गोष्टी करा. पहिली, गार्डला दुसरं कुठलंही काम देऊ नका. फोन उचल, वायरलेस ऐक, चहा सांगून ये, तक्रारदाराला बसव, असं करत एक माणूस चार ठिकाणी वाटला जातो आणि कोठडीसमोर कुणीच उरत नाही. दुसरी, कमतरता वरिष्ठांना लेखी कळवा आणि तोवर आरोपी शेजारच्या ठाण्याच्या सामायिक लॉकअपला ठेवण्याची परवानगी मागा. तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

३. पहारा मोजून घ्या

"चार आहेत, ठीक आहेत" एवढ्यावर सही करू नका. आधीच्या गार्डसोबत गजाजवळ उभे राहा, एकेकाचं नाव घेऊन हाक मारा, चेहरा बघा, उत्तर ऐका. चादर डोक्यावर घेऊन झोपलेला असेल तर चादर काढायला लावा. कुणाला औषध चालू आहे, कोण जेवला नाही, कोण कोर्टातून आल्यापासून गप्प आहे, हे आधीच्या गार्डला विचारा आणि लिहून घ्या. या पाच मिनिटांचा कंटाळा करू नका.

त्याच वेळी खोली बघून घ्या. आरोपी बाहेर असताना बघता आली तर उत्तम. गज हलवून पाहा. वरचे बघता तसे खालचेही बघा, धोका फक्त उंचावर असतो असं नाही. खिडकीची जाळी, नळ, संडासाची कडी, सुटलेली फरशी, लोंबणारी वायर, आदल्या माणसानं कोपऱ्यात लपवलेलं ब्लेड किंवा काचेचा तुकडा, सगळं तपासा. फिनेलची बाटली साफसफाईनंतर आत राहून गेलेली मी स्वतः पाहिली आहे. दिव्याचं बटण आतून हाताला येत असेल तर ते बदलून घ्यायला मागे लागा.

टेबलाजवळ कायम असाव्यात अशा वस्तू: चार्ज केलेली टॉर्च, प्रथमोपचार पेटी, कापड किंवा दोर झटकन कापता येईल असं बोथट टोकाचं कटर (गार्डच्या ताब्यात, कुलपात), अग्निशामक नळकांडं, जवळच्या सरकारी दवाखान्याचा नंबर. १०८ पाठ असतोच, पण पत्ता काय सांगायचा, कुठल्या फाट्यावरून वळायचं, हेही कागदावर लिहून चिकटवा. रात्री घाईत आपल्याच ठाण्याचा पत्ता सांगताना माणूस चाचरतो.

४. आरोपी आत घेण्याआधी कागद पुरे करा

तपासी अंमलदार घाईत असतो, "घे आत, कागद देतो मागून" म्हणतो. तो हुद्द्यानं मोठा असला तरी नम्रपणे थांबवा. आरोपी आत गेला की त्याची जबाबदारी तुमची. आरोपी ज्याच्या ताब्यात आहे त्यानं त्याच्या आरोग्याची आणि सुरक्षिततेची वाजवी काळजी घ्यायची, असं संहितेच्या कलम ५६ मध्ये लिहिलं आहे. ताबा म्हणजे तुम्हीसुद्धा.

हे कागद बघा:

- अटकेचा मेमो, त्यावर वेळ, साक्षीदार आणि आरोपीची सही
- अटकेची कारणं कळवल्याची आणि नातेवाइकाला खबर दिल्याची नोंद (कोणाला, किती वाजता, कुठल्या नंबरवर)
- वैद्यकीय तपासणीचा दाखला
- अंगझडतीत मिळालेल्या वस्तूंची यादी आणि आरोपीला दिलेली पावती
- कोर्टातून आला असेल तर रिमांडच्या आदेशाची प्रत
- स्टेशन डायरी (ठाण्याची रोजची नोंदवही) आणि कोठडी रजिस्टर या दोन्हींतल्या नोंदी, वेळ जुळणारी

यातल्या बऱ्याच गोष्टी सर्वोच्च न्यायालयानं १८ डिसेंबर १९९६ रोजी डी. के. बासू प्रकरणात घालून दिल्या आणि नंतर कायद्यात आल्या. कोठडीत असेपर्यंत दर ४८ तासांनी डॉक्टरी तपासणी, हाही त्याच निकालातला दंडक. पीसीआर लांबला की नेमका हाच विसरला जातो. मी आरोपी आत घेतानाच पुढच्या तपासणीची तारीख आणि वेळ पेन्सिलीनं रजिस्टरच्या कडेला लिहून ठेवतो.

दाखल्यावर डॉक्टरनं काय लिहिलंय ते वाचा. नुसता शिक्का बघू नका. अंगावर दिसणारी जखम दाखल्यात नसेल तर आत घेण्याआधीच ठाणे अंमलदाराला दाखवा आणि तशी नोंद करून घ्या. यात आरोपीचंही रक्षण आहे आणि तुमचंही.

अंगझडतीत पट्टा, पायजम्याची किंवा बर्मुड्याची नाडी, बुटांच्या लेस, करगोटा, गळ्यातली दोरी, लायटर, नाणी, मोबाइल बाहेर ठेवायचे. चष्म्याचं मात्र तारतम्यानं ठरवा. चष्म्याशिवाय ज्याला दिसतच नाही त्याचा चष्मा काढून घेतला तर तो ठेचकाळतो आणि आणखी घाबरतो. कपडे काढायला लावून चारचौघांत उभं करणं ही झडती नव्हे.

५. तब्येतीचे पाच प्रश्न, आणि "नाटक" हा शब्द

आरोपीला बाजूला घेऊन, शांत आवाजात विचारा. कुठलं औषध रोज घेतोस? फिट येते का? साखर, दमा, हृदयाचं काही? दारू रोज लागते का, शेवटची कधी घेतलीस? जिवाचं बरंवाईट करावं असं कधी वाटलंय का, आत्ता वाटतंय का?

शेवटचा प्रश्न विचारायला जीभ अडखळते. विचारल्यानं माणसाच्या डोक्यात नवा विचार भरतो ही समजूत खोटी आहे. मी विचारायला लागलो तेव्हा कळलं की बरेच जण सरळ उत्तर देतात. कुणी आधी होकार दिला आणि मग "सहज बोललो" म्हणाला, तरी तो होकारच समजा. अधिकाऱ्याला कळवा, नोंद करा, आणि त्याच्यासमोर माणूस बसवा, नजर न हटवता.

आता ती रात्र. माणूस पन्नाशीचा, चोरीच्या गुन्ह्यात पीसीआरवर, कोठडीतली तिसरी रात्र. संध्याकाळी जेवला नव्हता. दोनला पाणी मागितलं. स्टीलचा ग्लास गजातून दिला तर त्याला तो धरता येईना, निम्मं पाणी छातीवर सांडलं. अंग घामानं भिजलेलं, आणि भिंतीवरून काहीतरी झटकत होता. "मुंग्या आहेत," म्हणाला. भिंतीवर काही नव्हतं. मी मागच्या आवाजाचं ऐकून वीस मिनिटं थांबलो, त्या वीस मिनिटांचं वाईट मला आजही वाटतं. मग ठाणे अंमलदारांना उठवलं आणि गाडी काढली. डॉक्टरनं बघताच विचारलं, "रोज पितो का हा? बंद होऊन किती दिवस झाले?" रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की पहिल्या दिवसात हात कापतात, आणि दोन-तीन दिवसांत काहींना भास, फिट, ताप येतो. उपचार झाले नाहीत तर माणूस दगावतो. तो वाचला. तेव्हापासून कोठडीसमोर "नाटक" हा शब्द मी वापरत नाही, पोरांनाही वापरू देत नाही. नाटक आहे की नाही हे डॉक्टर ठरवेल.

दुसरा धोका याच्या उलटा. दारू पिऊन आणलेला माणूस घोरतो, सगळे म्हणतात झोपू दे. डोक्याला मार लागलेला माणूसही तसाच घोरतो. म्हणून प्यायलेल्याला कुशीवर झोपवा, उताणं नाही. पहिले काही तास दर फेरीला उठवा, नाव विचारा. नाव सांगता आलं नाही, उलट्या होत असतील, किंवा आधी बोलत होता आणि आता बोलत नाही, तर थेट दवाखाना.

६. फेऱ्या आणि नोंदी

मी दोन फेऱ्यांत पंधरा मिनिटांहून जास्त अंतर पडू देत नाही, आणि वेळ मुद्दाम ठरावीक ठेवत नाही. कधी सात मिनिटांनी, कधी बारा. तुमची चाल आतल्या माणसाला दोन तासांत पाठ होते. बघायचं ते छातीकडे, श्वास चालू आहे का. रात्री टॉर्च तोंडावर मारू नका, भिंतीवर मारा, तेवढा उजेड पुरतो. पहिले २४ तास, कोर्टातून परतल्यानंतरचे काही तास, आणि घरचं कुणी भेटून रडून गेल्यानंतरची रात्र, या वेळा जास्त जपा.

सगळ्यात मोठा सापळा नोंदींचा. मी अशी रजिस्टरं पाहिली आहेत ज्यांत रात्री बारा ते सकाळी सहापर्यंत दर तासाला "आरोपी सुस्थितीत" असं लिहिलेलं आहे. एकच पेन, एकच दाब, ओळीही एका रेषेत. सकाळी सहाला बसून सहा ओळी लिहिल्या हे शेंबडं पोरही सांगेल. आता तर कॅमेराही सांगतो. फेरी चुकली तर चुकली असं लिहा, कारण लिहा. तीनची फेरी चुकल्याची खरी नोंद तुम्हाला खुलासा मागणारा एखादा मेमो देईल, खोटी नोंद नोकरी घेईल.

आणि जे दिसलं ते लिहा. "सुस्थितीत" यात काहीच दिसत नाही. "०२.४०, जागा आहे, भिंतीला टेकून बसला, पाणी दिलं, प्यायला, बोलला" यात माणूस दिसतो.

७. महिला आणि मुलं

सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी महिलेला अटक करायची नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला पोलीस अधिकाऱ्यानं लेखी अहवाल देऊन न्यायदंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यायची. महिलेची झडती महिलेनंच घ्यायची. महिलांची कोठडी वेगळी आणि पहाऱ्यावर महिला अंमलदार, ही गोष्ट आपल्याच राज्यातून आली आहे. पत्रकार शीला बर्से यांनी मुंबईतल्या कोठड्यांमधल्या महिलांची अवस्था सर्वोच्च न्यायालयापुढे मांडली आणि १९८३ मध्ये निकाल लागला. तुमच्याकडे वेगळी खोली किंवा रात्रपाळीला महिला अंमलदार नसेल तर "आजची रात्र बाकावर बसवू" हा मार्ग नाही. जिथं सोय आहे त्या ठाण्यात पाठवा. तृतीयपंथी व्यक्ती असेल तर पुरुषांच्या कोठडीत ढकलू नका, तिला विचारा, वेगळं ठेवा, अधिकाऱ्याचा निर्णय नोंदवून घ्या.

अठरा वर्षांखालच्या मुलाला कोठडीत ठेवायचंच नाही, एक तासही नाही. बाल न्याय अधिनियम २०१५, कलम १०. मिसरूड फुटलेला पोरगा "एकोणीस" म्हणतो, कारण सोबतच्या मोठ्यांनी पढवलेलं असतं. शंका आली की शाळेचा दाखला मागवायला सांगा आणि तोवर त्याला आत घेऊ नका, बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे द्या.

८. दार उघडताना

दोघांशिवाय उघडायचं नाही. एक उघडतो, दुसरा मागे उभा राहून बाकीच्यांवर लक्ष ठेवतो. शस्त्र घेऊन आत जायचं नाही, शस्त्र बाहेरच्याकडे. किल्ली कमरेला अडकवलेली, टेबलावर नाही, ड्रॉवरमध्ये नाही. एका वेळी एकच आरोपी बाहेर. जेवणाचं ताट आत गेलं की तेच ताट मोजून परत, चमच्यासकट.

पोट दुखतंय म्हणून ओरडणाऱ्यासाठी धावत जाऊन एकट्यानं दार उघडणं, ही पळून जाण्याच्या प्रसंगांतली नेहमीची सुरुवात. आधी हाक मारून दुसऱ्याला बोलवा. याला अर्धं मिनिट लागतं आणि दुखणं खरं असेल तरी उचलायला दोन माणसं लागतातच. बेडी घालायची की नाही हे गार्डनं ठरवायचं नसतं. अधिकारी कायद्यात बसतंय का बघून ठरवतो आणि कारण डायरीत जातं.

९. कॅमेरे

परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक ठाण्यात कोठडीसकट कॅमेरे बसवायला सांगितलं. रात्री दिसणारे, आवाज टिपणारे, आणि चित्रण १८ महिने राहील असे. कॅमेरे चालू ठेवण्याची जबाबदारी ठाणे प्रमुखाची, पण बंद पडलेला आधी तुम्हालाच दिसतो. पाळीच्या सुरुवातीला पडद्यावर तीन गोष्टी बघा: चित्र आहे का, घड्याळ बरोबर आहे का, लेन्सवर कोळ्याचं जाळं आलंय का. बंद असेल तर त्याच मिनिटाला डायरीत नोंद.

१०. आग, आणि त्याहून वाईट

आग लागली तर आतली माणसं स्वतः बाहेर येऊ शकत नाहीत, म्हणून किल्लीचा दुसरा जोड सीलबंद करून ठाणे अंमलदाराकडे हवा आणि तो कुठे आहे हे प्रत्येक पाळीला माहीत हवं. अंधारात कुलूप उघडून बघा. मी डोळे मिटून सराव केला होता, पहिल्यांदा पाऊण मिनिट लागलं. बाहेर काढलेल्यांना कुठं बसवायचं, कोण पहारा देणार, हे आधी ठरवा.

आत कुणी निपचित दिसला तर आधी जीव वाचवा. दुसऱ्याला हाक, दार उघडा, श्वास बघा, नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा, १०८ ला फोन दुसऱ्याकडून. "मेलाच आहे, साहेब आल्यावर बघू" असं ठरवायचा अधिकार तुम्हाला नाही. डॉक्टर सांगेपर्यंत तो जिवंत आहे.

मृत्यू झालाच तर खोलीतलं काही हलवू नका, पुसू नका. बाकीच्या आरोपींना वेगवेगळं बसवा. त्यांनी काय पाहिलं हे विचारण्याचं काम तुमचं नाही. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ प्रमाणे न्यायदंडाधिकारी करतात आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला २४ तासांत कळवावं लागतं. आयोगाच्या १९९३ च्या सूचनेपासून हे चालत आलं आहे. रजिस्टर जिथं आहे तिथंच मिटून ठेवा, शेवटच्या नोंदीखाली रेघ मारा, वेळ टाका, सही करा. त्या रात्री कुणी "एवढी एक ओळ मध्ये घाल" म्हणालं, मग ते कितीही वरचं असो, घालू नका. आणि घरच्यांना खबर फोनवरच्या निरोपानं जाऊ देऊ नका. अधिकाऱ्यानं त्यांच्या दारात जाऊन सांगावं, असा आग्रह धरा.